पचनाच्या औषधांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न : इंदूरच्या मराठी घरांसाठी

इंदुरातील मराठी घरांमधून पचनाच्या औषधांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानी येतात, त्यांची उत्तरे येथे औषधशास्त्राच्या आधारे दिली आहेत. औषध शरीरात नेमके कोठे आणि कसे काम करते हे एकदा समजले, की ते जेवणाआधी घ्यावे की नंतर, किती दिवस घ्यावे आणि कशासोबत घेऊ नये, हे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. मात्रा ठरवणे आणि चिठ्ठीतील औषध बदलणे हे मात्र तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचेच काम आहे.

आम्लपित्तावरची सगळी औषधे सारखीच असतात का?

नाही. जठराच्या अस्तरातील काही विशिष्ट पेशी आम्ल तयार करतात आणि औषधांचे निरनिराळे गट या प्रक्रियेत निरनिराळ्या ठिकाणी अडथळा आणतात. अँटासिडचे पातळ औषध किंवा चघळण्याची गोळी आधीच तयार झालेले आम्ल निष्प्रभ करते, त्यामुळे आराम काही मिनिटांत पडतो, परंतु रिकाम्या पोटी तो तासाभरापेक्षा फारसा टिकत नाही. फॅमोटिडिनसारखी औषधे आम्ल तयार करण्याचा हिस्टामिन या शरीरातील रसायनाचा निरोप त्या पेशीपर्यंत पोहोचू देत नाहीत. त्यांना अर्धा-पाऊण तास लागतो आणि परिणाम सुमारे दहा-बारा तास राहतो. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही औषधे आम्ल बाहेर सोडणारा प्रोटॉन पंपच बंद पाडतात. सुक्राल्फेट आम्लाला हात लावत नाही. ते जखमेवर चिकट लेप धरते, आणि हा लेप तयार होण्यासाठी आम्ल लागत असल्यामुळे ते उपाशीपोटी घ्यावे लागते.

यांपैकी एकही औषध जठराच्या तोंडाशी असलेली स्नायूंची झडप घट्ट करत नाही. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, रात्री अकरा वाजता गराडू (तळलेला कंद) आणि रबडी खाऊन घरी येताच जो आडवा होतो, त्याच्या अन्ननलिकेत अन्न आणि रस वर येतच राहतात. गोळीमुळे ते कमी आंबट होतात, इतकेच. म्हणून जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणे हे सल्ले औषधाच्या जोडीचेच मानावेत.

पँटोप्राझोल सकाळी उपाशीपोटीच का घ्यायचे? पोहे खाल्ल्यावर घेतले तर काय बिघडते?

ही औषधे गिळली जातात तेव्हा निष्क्रिय असतात. गोळीवरचे किंवा कॅप्सूलमधील दाण्यांवरचे आवरण त्यांना जठरातील आम्लापासून वाचवते. ती लहान आतड्यात विरघळतात, रक्तात शोषली जातात आणि रक्तावाटे परत जठराच्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींपर्यंत येतात. त्या पेशींच्या ज्या सूक्ष्म नलिकांमध्ये आम्ल पाझरत असते तेथे ती साचतात, त्या आम्लामुळेच त्यांचे सक्रिय रूप तयार होते, आणि हे सक्रिय रूप पंपाला असे चिकटते की तो पंप पुन्हा सुरू होत नाही. पेशीला नवे पंप तयार करावे लागतात.

गोळीच्या वेळेचे कारण याच साखळीत आहे. औषध फक्त काम करत असलेल्या पंपांना पकडते, आणि सर्वांत जास्त पंप काम करतात ते जेवणानंतर. रक्तातील औषधाचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे होण्याचा काळ, अवघे १ ते २ तासांचे असते, म्हणजे औषध रक्तात हजर असताना पंप जागे असायला हवेत. नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटे आधी गोळी घेतली की ही गाठ बरोबर पडते. नाश्ता होऊन गेल्यावर घेतलेली गोळी अन्नामुळे जठरात रेंगाळते आणि उशिरा शोषली जाते, तोवर बरेचसे पंप विसावलेले असतात. सकाळी उठून गोळी घेतली, पण पहिला घास दुपारी एकला खाल्ला, तर तीही जवळजवळ वायाच जाते, आणि ही चूक उपवासाच्या दिवशी अनेकांकडून होते.

एक गोळी सगळे पंप पकडू शकत नाही. रोज काही पंप बंद होतात, काही नवे तयार होतात, आणि तीन ते पाच दिवसांनी पूर्ण परिणाम दिसू लागतो. छातीत जळजळ सुरू झाल्यावर तेवढ्यापुरती एखादी पँटोप्राझोल घेणे म्हणूनच फारसे उपयोगाचे नाही. त्या क्षणी अँटासिड किंवा समुद्री शेवाळापासून काढलेले अल्जिनेट असलेले पातळ औषध अधिक उपयोगी पडते.

गोळी गिळता येत नाही. चुरडून दिली तर चालेल का?

आवरण असलेली गोळी चुरडू किंवा चावू नये, कारण आवरण मोडले की औषध जठरातच नष्ट होते. काही कॅप्सूल उघडून आतले दाणे न चावता मऊ पदार्थासोबत गिळता येतात, परंतु ते त्या विशिष्ट कॅप्सूलविषयी केमिस्टला विचारूनच करावे.

चार वर्षे रोज ही गोळी घेत आहे. त्रास नाही, पण बंद केली की जळजळ दुप्पट होते. म्हणजे आता ती जन्मभर लागणार का?

आवश्यक नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे मला फार गरजेचे वाटते, कारण कोणी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी सुरू केली हे कोणाला आठवत नाही, तरी गोळी मात्र चालू आहे, अशी उदाहरणे जवळपास प्रत्येक घरात सापडतात.

आम्ल दीर्घकाळ दाबून ठेवले की शरीर गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक वाढवून आम्ल वाढवण्याचा प्रयत्न करत राहते. गोळी अचानक थांबली की वाढलेल्या गॅस्ट्रिनचा जोर मोकळ्या झालेल्या पंपांवर येतो आणि काही आठवडे आम्ल पूर्वीपेक्षाही जास्त तयार होते. निरोगी स्वयंसेवकांना आठ आठवडे अशी गोळी देऊन थांबवल्यावर, ज्यांना आधी कधीच त्रास नव्हता अशांपैकीही अनेकांना जळजळ झाल्याचे अभ्यासात दिसले आहे. तेव्हा बंद केल्यावर झालेला त्रास हा मूळ आजार तसाच असल्याचा पुरावा ठरत नाही. डॉक्टरांशी बोलून मात्रा निम्मी करणे, मग एक दिवसाआड घेणे, आणि मधल्या काळात अँटासिड किंवा फॅमोटिडिनचा आधार घेणे, असा उतरता क्रम सहसा निभावतो.

दीर्घकाळ घेण्याचे तोटेही लक्षात घ्यावेत. अन्नातील बी-१२ जीवनसत्त्व मोकळे होण्यासाठी आम्ल लागते. शाकाहारी घरात ते आधीच कमी असते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर कमतरतेची शक्यता आणखी वाढते. रक्तातील मॅग्नेशियम कमी होणे, आतड्यांचे संसर्ग आणि क्वचित मूत्रपिंडाचा दाह यांचीही नोंद आहे. हाडे मोडण्याशी संबंध निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासांत आढळला आहे, परंतु गोळी हेच त्याचे कारण आहे असे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही.

मात्र काही रुग्णांनी ती स्वतःहून मुळीच थांबवू नये. अन्ननलिकेचा तीव्र दाह किंवा बॅरेट अन्ननलिका (वर येणाऱ्या आम्लामुळे तिचे अस्तर बदललेले) असलेले, पूर्वी जठरातून रक्तस्राव झालेले, आणि हृदयासाठी अॅस्पिरिन घेत असताना रक्तस्रावाचा धोका असलेले रुग्ण यांना ती संरक्षणासाठी दिलेली असते.

पूर्वी सर्रास मिळणारी रॅनिटिडिन आता डॉक्टर का लिहून देत नाहीत?

रॅनिटिडिन फॅमोटिडिनच्याच गटातले औषध आहे. हिस्टामिनचा मार्ग अडवण्याची कल्पना ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी प्रत्यक्षात आणली. त्यातून निघालेले सिमेटिडिन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आले, १९८१ मध्ये रॅनिटिडिन आले, आणि जठराच्या अल्सरसाठी होणाऱ्या शस्त्रक्रिया त्यानंतर झपाट्याने कमी झाल्या. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे २०१९ मध्ये रॅनिटिडिनच्या नमुन्यांत एनडीएमए हा कर्करोगाची शक्यता वाढवणारा घटक आढळला. साठवणुकीत, विशेषतः उष्णतेत, तो वाढतो असे दिसल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले. भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतूनही ते २०२२ मध्ये वगळण्यात आले. फॅमोटिडिनमध्ये हा दोष आढळलेला नाही. रात्रीच्या आम्लासाठी ते चांगले औषध आहे, परंतु रोज घेतल्यास एक-दोन आठवड्यांत शरीर त्याला सरावते आणि परिणाम उतरतो.

अँटासिड तर साधे औषध आहे. त्यात जपण्यासारखे काय?

त्यातील अॅल्युमिनियमने शौचास घट्ट होते आणि मॅग्नेशियमने पातळ होते, म्हणून बहुतेक बाटल्यांत दोन्ही एकत्र असतात. मूत्रपिंड अशक्त असेल तर हे दोन्ही धातू शरीरात साठतात, त्यामुळे अशा रुग्णांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. पाण्यात फसफसणाऱ्या सोड्याच्या चूर्णात सोडियम बरेच असते. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या वडीलधाऱ्यांनी ते रोजचे करू नये.

खरी काळजी दुसऱ्या औषधांची घ्यावी लागते. अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम हे आतड्यातच सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारख्या प्रतिजैविकांना बांधून टाकतात आणि औषध रक्तात जातच नाही. या औषधांत किमान दोन तासांचे अंतर हवे, तर थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे. लोहाची गोळीही अँटासिडसोबत घेऊ नये.

येथेच आणखी एक बाब सांगून ठेवतो. स्टेंट बसवलेल्या रुग्णाला क्लोपिडोग्रेल हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध चालू असेल, तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळली जातात, कारण क्लोपिडोग्रेलला सक्रिय करणारे यकृतातील सीवायपी २सी१९ हे विकर (एन्झाइम) ती अडवतात. पँटोप्राझोलचा हा परिणाम बराच कमी आहे.

अल्सर तिखटामुळे आणि काळजीमुळे होतो ना? मग डॉक्टरांनी प्रतिजैविके का दिली?

जठर आणि त्याच्या पुढच्या आतड्याच्या अल्सरची दोन मुख्य कारणे आहेत : हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. तिखट शेवेने किंवा पोह्यांवरच्या जिरावन मसाल्याने असलेली जळजळ वाढू शकते, परंतु अल्सरचे मूळ तेथे नसते. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हा जिवाणू शोधला, मार्शल यांनी १९८४ मध्ये त्याचे द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

उपचारात दोन किंवा अधिक प्रतिजैविके आणि प्रोटॉन पंप रोखणारी गोळी साधारणपणे १४ दिवस एकत्र देतात. आम्ल कमी झाल्याने अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन जठरात अधिक टिकतात आणि अधिक प्रभावी ठरतात, म्हणून ही सगळी औषधे बरोबरच घ्यावी लागतात. पाचव्या दिवशी बरे वाटले म्हणून थांबल्यास जिवाणू उरतो आणि पुढच्या खेपेस त्याच औषधांना दाद देत नाही. या उपचारात बिस्मथ हे औषधही दिले असेल तर जीभ आणि शौच काळे दिसते. ते निरुपद्रवी आहे, मात्र बिस्मथ किंवा लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखे काळे, चिकट शौच झाले, तर तो रक्तस्राव समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. जिवाणू गेला की नाही याची श्वास किंवा शौच तपासणी प्रतिजैविके संपल्यावर चार आठवड्यांनी आणि आम्लाची गोळी दोन आठवडे बंद ठेवून करतात, अन्यथा ती खोटा दिलासा देते.

गुडघेदुखीच्या गोळीबरोबर आम्लाची गोळी का देतात?

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन हे वेदना वाढवणारे रसायन तयार होऊ देत नाहीत, त्यामुळे वेदना कमी होते. पण जठराच्या अस्तरावरचा श्लेष्मा आणि तेथला रक्तपुरवठाही प्रोस्टाग्लँडिनवरच अवलंबून असतो. हा परिणाम रक्तावाटे होतो, त्यामुळे गोळी जेवून घेतली किंवा इंजेक्शन घेतले तरी धोका टळत नाही. साठीपुढील, पूर्वी अल्सर झालेले, आणि रक्त पातळ ठेवणारे औषध किंवा स्टेरॉइड घेणारे यांना संरक्षण हवेच. तरुण माणसाला दोन दिवस दाढदुखीसाठी गोळी लागली, तर प्रत्येक वेळी ते लागत नाही.

माझ्या कॅप्सूलवर दोन नावे आहेत : एक आम्लाचे औषध आणि दुसरे डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड. हे दुसरे कशासाठी?

ही जोडी आपल्याकडे प्रचंड खपते, आणि घेणाऱ्याला दुसऱ्या औषधाची बहुधा कल्पनाच नसते. ही औषधे डोपामिन या निरोप्या रसायनाचे रिसेप्टर (पेशीवर निरोप घेणारी जागा) अडवून जठर पुढे रिकामे करण्यास मदत करतात आणि मळमळ थांबवतात. जेवण तासन्‌तास पोटात पडून राहिल्यासारखे वाटणे, लवकर पोट भरणे, मळमळणे, अशी तक्रार असेल तर काही दिवस त्यांचा उपयोग आहे. केवळ जळजळ असलेल्या माणसाने ती महिनोन्‌महिने घेण्याचे कारण मला दिसत नाही.

याच गटातील मेटोक्लोप्रमाइड मेंदूत सहज शिरते, त्यामुळे लहान मुले आणि तरुण, विशेषतः मुली, यांच्यात मान वाकडी होणे, डोळे वर फिरणे, जबडा आखडणे असे प्रकार होऊ शकतात. घरचे घाबरतात, पण योग्य इंजेक्शनने हे लवकर उतरते. दीर्घकाळ घेतल्यास ओठ-जिभेच्या अनैच्छिक हालचाली जडू शकतात आणि त्या औषध थांबवूनही राहू शकतात. डॉमपेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही, परंतु हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करते. त्यामुळे युरोपच्या औषध संस्थेने २०१४ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला ३० मिलिग्रॅमची मर्यादा आणि कमीत कमी दिवसांचा वापर सुचवला. एरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरच्या काही गोळ्यांसोबत हा धोका वाढतो. लेव्होसल्पिराइडने वृद्धांमध्ये हातांचा कंप, चाल मंदावणे, चेहरा भावहीन होणे अशी कंपवातासारखी लक्षणे दिसतात. आजोबांना कंपवात झाला असे ठरवण्याआधी त्यांच्या सर्व गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांपुढे ठेवावीत, ही माझी कळकळीची विनंती आहे. या सर्वच औषधांनी प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारे संप्रेरक वाढून मासिक पाळी चुकणे किंवा स्तनांतून दूध येणे संभवते. याच हेतूने वापरले जाणारे सिसाप्राइड हृदयाची लय बिघडवत असल्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद करण्यात आले.

पुण्याच्या बसमध्ये घाटात उलटी होते. ऑन्डान्सेट्रॉन घेतले तरी उपयोग होत नाही. का?

उलटीचे मार्ग अनेक आहेत. ऑन्डान्सेट्रॉन सेरोटोनिनचा रिसेप्टर अडवते; केमोथेरपी, शस्त्रक्रिया किंवा पोटाचा संसर्ग यांतील उलटीवर ते उत्तम आहे. प्रवासातील उलटी अंतःकर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतून, हिस्टामिन आणि अॅसिटिलकोलिनच्या मार्गे येते. तेथे प्रोमेथाझिन, डायमेनहायड्रिनेट किंवा मेक्लिझिन, निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी घेतलेले, कामी येते. या औषधांनी झोप येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नयेत.

जुलाब सुरू झाले की लगेच थांबवणारी गोळी घ्यावी का?

आधी पाणी आणि क्षार भरून काढावेत. जुलाबात आतडे पाणी सोडत असले, तरी ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारे आतड्याच्या पेशीवरचे वाहक प्रथिन शाबूत असते, आणि त्या दोघांमागून पाणी शोषले जाते. जलसंजीवनी म्हणजे ओआरएस याच आधारावर काम करते. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या असताना डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हे द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरून असंख्य कॉलराग्रस्तांचे प्राण वाचवले. सध्याच्या जागतिक सूत्रात एका लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. प्रमाणालाच येथे महत्त्व आहे : पाकिटावर लिहिले आहे तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवावे, कपात थोडी पूड टाकून देऊ नये. साखर जास्त असलेली गोड पेये उलट आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवतात. मुलांना सोबत जस्त, सहा महिन्यांवरील बाळाला दिवसाला २० मिलिग्रॅम, १४ दिवस देण्याची शिफारस आहे.

लोपेरामाइड आतड्यातील अफूवर्गीय रिसेप्टरवर काम करून हालचाल मंदावते. मालव्यात मंदसौर-नीमचकडे अफूची शेती जुनी आहे, आणि अफूने पोट बांधले जाते हे येथील वृद्धांना ठाऊक असते. लोपेरामाइड त्याच वाटेने जाते, मात्र मेंदूच्या सीमेवरील एक प्रथिन त्याला बाहेर ढकलत असल्याने नेहमीच्या मात्रेत नशा येत नाही. ताप असेल, शौचातून रक्त किंवा आव पडत असेल, तर ते घेऊ नये, कारण जंतू आणि विष आतच कोंडले जातात. लहान मुलांना ते देऊच नये. रेसकॅडोट्रिल हालचाल न थांबवता पाण्याचा पाझर कमी करते. केमिस्टकडून दोन प्रतिजैविकांची एकत्र गोळी आणणे मात्र सोडावे. बहुतेक साधे जुलाब त्याविना तीन-चार दिवसांत थांबतात.

बद्धकोष्ठतेसाठी इसबगोल रोज घेतले तर सवय लागते का?

लागत नाही. नीमचच्या मंडीत ज्याचे मोठे व्यवहार होतात ते इसबगोल म्हणजे एका बीचे टरफल. ते पाणी धरून फुगते आणि शौचाचे आकारमान वाढवते. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, आणि भरलेल्या पेल्याभर पाण्याविना घेतले तर घशात किंवा आतड्यात अडकू शकते. लॅक्ट्युलोज आणि पॉलिइथिलिन ग्लायकॉल आतड्यात पाणी खेचून धरतात. पहिल्याने वायू होतो, दुसऱ्याने कमी. सोनामुखी आणि बिसाकोडिल आतड्याला चेतवतात, म्हणून रात्री घेतल्यास सकाळी परिणाम होतो आणि पोटात कळा येऊ शकतात. बिसाकोडिल दुधाबरोबर किंवा अँटासिडबरोबर घेऊ नये, नाहीतर त्याचे आवरण जठरातच उतरते. पन्नाशीनंतर शौचाची सवय नव्याने बदलली, वजन घटू लागले किंवा रक्त पडू लागले, तर चूर्णे बदलत बसण्याऐवजी तपासणी करावी.

जेवणानंतरचे पाचक सिरप खरोखर अन्न पचवते का?

स्वादुपिंड निकामी झालेल्या रुग्णाला विकरांच्या कॅप्सूल जेवताना द्याव्याच लागतात. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, हे शाकाहारी कुटुंबांना आधी सांगितलेले बरे. ज्याचे स्वादुपिंड धड आहे, त्याला रंगीत सिरपमधील थोड्याशा विकराने लाभ होतो असा भक्कम पुरावा नाही. ओवा आणि हिंग स्वयंपाकात खुशाल वापरावेत.

अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराचा दीर्घकाळचा दाह) आहे. शौचातले रक्त थांबले, आता मेसालामीन बंद करू का?

करू नये. हे औषध मोठ्या आतड्याच्या अस्तरावर थेट काम करते, आणि शांत झालेला आजार पुन्हा उफाळू नये हा त्याचा अर्धा उपयोग आहे. गोळीचे आवरण किंवा दाणे अशा रीतीने बनवलेले असतात की औषध जठरात न सुटता खाली सुटावे. जुन्या सल्फासालाझिनमध्ये तर मोठ्या आतड्यातील जिवाणूच रेणू तोडून ते मोकळे करतात. सल्फासालाझिन चालू असताना फॉलिक आम्ल सोबत घेतात, आणि त्याने पुरुषांमधील शुक्राणू कमी होतात, जे औषध बदलल्यावर पूर्ववत होतात. अपत्याचा विचार असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगावे. मेसालामीन वर्षानुवर्षे घेणाऱ्याने मूत्रपिंडाची रक्ततपासणी अधूनमधून करून घ्यावी, आणि आजार गुदाशयापुरता असेल तर सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत ठेवायची वडी, तोंडाने घेण्याच्या गोळीपेक्षा अधिक परिणामकारक ठरते, म्हणून संकोचाने ती टाळू नये.